गरोदर माता आणि नवजात बाळासाठीचे कायदे व योजना : विदर्भातील खेड्यांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कायदे करून माता आणि बाळांचे मृत्यू खरोखरच कमी होतात का?

होतात, आणि त्याचे पुरावे आकड्यांत आहेत. नमुना नोंदणी पाहणीनुसार २००१-०३ या काळात भारतात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३०१ मातांचा मृत्यू होत असे. २०१८-२० मध्ये हे प्रमाण ९७ वर आले. महाराष्ट्रात याच काळात ते १४९ वरून ३३ वर उतरले. उलट दिशेचे उदाहरण रुमानियाचे आहे. तिथे १९६६ मध्ये एका हुकुमाने गर्भपातावर बंदी आली, बायका चोरून आणि घातक मार्गांनी गर्भपात करून घेऊ लागल्या आणि मातामृत्यू वाढत गेले. १९८९ च्या अखेरीस ती बंदी उठल्यावर ते झपाट्याने घटले. एकच देश आणि तीच माणसे असताना कायदा बदलल्याने मृत्यूंचे प्रमाण बदलले.

यामागचे कारण समजून घेतले पाहिजे. बाळंतपणात बाई दगावते ती मुख्यतः अतिरक्तस्राव, रक्तदाब वाढून येणारे झटके आणि जंतुसंसर्ग यांमुळे. या तिन्हींवरचे उपचार जुने आहेत, स्वस्त आहेत आणि डॉक्टरांना पाठ आहेत. म्हणजे औषध नाही म्हणून बाई जात नाही. औषध आणि ती यांच्यामध्ये वेळ जातो म्हणून जाते. हा विलंब तीन ठिकाणी होतो, असे आरोग्य क्षेत्रात मानले जाते : दवाखान्यात न्यायचे हे घरात ठरायला उशीर, तिथे पोहोचायला उशीर आणि पोहोचल्यावर उपचार सुरू व्हायला उशीर. चांगला कायदा किंवा चांगली योजना या तीनपैकी कोणता तरी उशीर कमी करते. पुढील प्रत्येक योजना वाचकांनी याच कसोटीवर तपासावी, अशी आमची विनंती आहे.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. वर दिलेले आकडे राज्याच्या सरासरीचे आहेत आणि ही पाहणी जिल्हानिहाय मातामृत्यूचे प्रमाण देत नाही. त्यामुळे ३३ हा आकडा मुंबई-पुण्यासह संपूर्ण राज्याचा आहे. त्यावरून भामरागड, जिवती किंवा चिखलदरा या दुर्गम तालुक्यांतील परिस्थितीचा अंदाज बांधणे योग्य होणार नाही.

हा आपला हक्क आहे की सरकारची मदत?

हक्क आहे. कामाच्या ठिकाणी मानवी परिस्थिती आणि प्रसूतीसाठी साहाय्य मिळावे यासाठी तरतूद करण्याचे दायित्व राज्यघटनेच्या अनुच्छेद ४२ ने राज्यावर टाकले आहे. पोषणमान आणि सार्वजनिक आरोग्य उंचावणे हे अनुच्छेद ४७ नुसार राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे आणि अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या अधिकारात वेळेवर मिळणारे तातडीचे उपचार येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केले आहे.

या विचाराची मुळे आपल्याकडे स्वातंत्र्याच्याही आधीची आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना, बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, अशी मांडणी केली होती. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा आणि १९३० मध्ये मध्य प्रांताचा प्रसूती लाभ कायदा झाला. नागपूर त्या वेळी मध्य प्रांतात असल्याने इथल्या गिरण्यांत राबणाऱ्या बायकांच्या हक्काचा कायदेशीर इतिहास तिथून सुरू होतो. त्यामुळे आज प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत औषध मागणाऱ्या सुनेने संकोच बाळगण्याचे काहीच कारण नाही.

सरकारी दवाखान्यात बाळंतपण पूर्णपणे मोफत असते का? सिझर झाले तरी?

होय, सिझर झाले तरी मोफत. १ जून २०११ रोजी सुरू झालेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी आरोग्य संस्थेत येणाऱ्या प्रत्येक गरोदर स्त्रीला प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे, लागणारे इतर साहित्य, रक्त-लघवीच्या तपासण्या, सोनोग्राफी आणि गरज पडल्यास रक्त विनामूल्य मिळते. साध्या बाळंतपणानंतर तीन दिवस आणि सिझरनंतर सात दिवसांपर्यंत जेवणही मिळते. घरून दवाखान्यात, एका दवाखान्यातून रेफर केल्यास दुसऱ्या दवाखान्यात आणि नंतर पुन्हा घरी सोडण्यासाठी वाहन मिळते. आजारी नवजात बाळासाठी सुरुवातीला तीस दिवसांपर्यंत असलेली ही सोय पुढे एक वर्षाच्या वयापर्यंत वाढवण्यात आली.

या कार्यक्रमाला जात, उत्पन्न, रेशनकार्डाचा रंग किंवा कितवे मूल आहे अशी कोणतीही अट नाही. हे वारंवार सांगावे लागते, कारण पैसे मिळणाऱ्या योजनांना अटी असतात आणि लोकांची त्यात गल्लत होते. तिसऱ्या खेपेची बाई ‘आपल्याला काही मिळणार नाही’ असे समजून घरीच थांबते. खरे तर रक्तस्रावाचा धोका तिच्या बाळंतपणातही असतो, त्यामुळे दवाखान्याची गरज तिलाही तितकीच असते.

तरीही बाहेरून औषध किंवा ग्लोव्हज आणायला सांगितले तर काय करावे?

त्या वेळी वाद घालत बसू नये. रुग्णाचा जीव आधी. मात्र चिठ्ठी आणि दुकानाचे पक्के बिल जपून ठेवावे आणि नंतर वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी अर्ज द्यावा. रुग्ण कल्याण समितीकडे अशा प्रसंगांसाठी निधी असतो.

गावाला पक्का रस्ता नाही आणि पावसाळ्यात नाल्याला पूर येतो. अशा वेळी कायदा काय कामाचा?

हा प्रश्न विदर्भाच्या दुर्गम भागात सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर कागदावर देऊन भागत नाही. गरोदर स्त्री आणि बाळासाठी १०२ आणि कोणत्याही तातडीच्या प्रसंगी १०८ हे क्रमांक आहेत. १०८ ची सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून सुरू आहे. पण पर्लकोटा नदीचे पाणी पुलावरून वाहू लागले की भामरागडचा संपर्क तुटतो. मेळघाटातल्या अनेक पाड्यांवर मोबाइलला रेंज नसते, तिथे फोन लावायचा तरी कुठून? कळा सुरू झाल्यावर गाडी शोधायची, ही पद्धत अशा गावांसाठी मुळातच चालणारी नाही.

म्हणून आदिवासी भागात ‘माहेरघर’ ही सोय करण्यात आली. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारातच राहण्याची व्यवस्था असते. दिलेल्या तारखेच्या काही दिवस आधी गरोदर बाईने नातेवाइकासह तिथे येऊन राहायचे आणि तिथूनच बाळंतपणाला जायचे. दूरच्या गावांसाठी आखलेल्या साऱ्या उपायांत आम्हाला हा उपाय सर्वांत शहाणपणाचा वाटतो, कारण तो दुसऱ्या, म्हणजे दवाखान्यात पोहोचण्याच्या, विलंबाची वेळच येऊ देत नाही. मात्र माहेरघर चालायचे तर घरच्या अडचणी समजून घ्याव्या लागतात. निंदणाच्या दिवसांत सासूला शेतात जायचे असते, घरी लहान मूल असते, नवऱ्याची मजुरी बुडते. लहान मुलांना सोबत आणता आले, सोबतच्या माणसालाही जेवण मिळाले आणि तिथल्या नर्सताईशी माडिया, गोंडी किंवा कोरकूत बोलता आले, तर बायका येतात आणि राहतात. या गोष्टी नसतील तर ती खोली रिकामी पडते आणि मग ‘लोकांनाच नको आहे’ असा शेरा लिहिला जातो. आम्हाला तो शेरा अन्यायाचा वाटतो.

गावपातळीवर सातव्या महिन्यापासून चार गोष्टी ठरवून ठेवाव्यात : कोणत्या दवाखान्यात जायचे, गाडी कोणाची, सोबत कोण जाणार आणि रक्त लागले तर कोण देणार. आशाताई हे लिहून घेतात. पावसाळ्यात दिवस भरणाऱ्या बायकांची यादी जून महिन्याआधीच तयार असावी.

पैसे किती मिळतात आणि कोणत्या योजनेतून?

दोन योजना आहेत आणि त्या वेगवेगळ्या आहेत. २००५ मध्ये सुरू झालेल्या जननी सुरक्षा योजनेत महाराष्ट्रातील दारिद्र्यरेषेखालील, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातींच्या स्त्रियांना दवाखान्यात बाळंतपण केल्यास ग्रामीण भागात ७०० रुपये आणि शहरी भागात ६०० रुपये मिळतात. दारिद्र्यरेषेखालील बाईचे बाळंतपण घरी झाले तर ५०० रुपये मिळतात. पूर्वी असलेली आईचे वय आणि अपत्यांची संख्या यांची अट पुढे काढून टाकण्यात आली.

दुसरी योजना प्रधानमंत्री मातृवंदना योजना. पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात : गरोदरपणाची वेळेत नोंदणी आणि किमान एक तपासणी झाल्यावर ३,००० आणि बाळाची जन्मनोंदणी व लसीकरणाची पहिली फेरी पूर्ण झाल्यावर २,०००. दुसरे अपत्य मुलगी असेल तर ६,००० रुपये एकरकमी मिळतात. या योजनेला उत्पन्नाच्या आणि सामाजिक गटाच्या अटी आहेत. खाते आधारशी जोडलेले नसणे किंवा माहेरच्या आणि सासरच्या नावांत फरक असणे, एवढ्या कारणावरून हप्ते अडकतात. म्हणून लग्नानंतर लगेच कागदपत्रे सरळ करून घ्यावीत.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे मांडणे आवश्यक वाटते. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ च्या कलम ४ मध्ये प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला अंगणवाडीतून मोफत आहार आणि किमान ६,००० रुपयांचा प्रसूती लाभ यांची तरतूद आहे. त्यातून सरकारी नोकरीतील आणि इतर कायद्याखाली असाच लाभ घेणाऱ्या स्त्रिया तेवढ्या वगळल्या आहेत. हा लाभ केंद्र सरकार आखेल त्या योजनेनुसार द्यायचा असल्याने योजनेने तो पहिले मूल आणि दुसरी मुलगी एवढ्यापुरता मर्यादित केला. कायद्यातील ‘प्रत्येक’ आणि योजनेतील ‘पहिले’ यांमधले अंतर भरून निघाले पाहिजे, ही मागणी रास्त आहे.

शेतमजुरी करणाऱ्या बाईला बाळंतपणाची रजा मिळते का?

प्रसूती लाभ अधिनियम, १९६१ मध्ये २०१७ साली झालेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची आणि त्यापुढे १२ आठवड्यांची भरपगारी रजा मिळू लागली. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही हीच तरतूद आहे. त्यासाठी अपेक्षित तारखेच्या आधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेले असावे लागते. हा हक्क केवळ कायम नोकरीतील बाईचा नाही. दिल्ली महानगरपालिकेच्या हजेरीपटावरील मजूर स्त्रियांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये रोजंदारीवरील स्त्रियांनाही हा लाभ दिला. त्यामुळे जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यात हंगामी काम करणाऱ्या बाईने आपले दिवस मोजून ठेवावेत आणि हजेरीचा पुरावा जपावा.

पण कापूस वेचणारी, सोयाबीन सोंगणारी, धान रोवणारी बाई या कायद्याच्या कक्षेत येत नाही, कारण तिचा मालक रोज बदलतो. विदर्भातील बहुसंख्य कष्टकरी बायका याच आहेत. त्यांच्यासाठी मातृवंदनेचे पैसे हीच काय ती बुडालेल्या मजुरीची भरपाई, आणि ती पुरेशी नाही. सव्वा महिना झाला की बाळाला शेताच्या धुऱ्यावर झोळीत ठेवून वेचणीला लागणारी बाळंतीण आपण सर्वांनी पाहिली आहे. तिला विश्रांती घेण्याचा सल्ला देऊन काही साधत नाही. तिला मजुरी सोडणे परवडेल एवढी रक्कम देणारी तरतूद हवी.

दर महिन्याच्या ९ तारखेला दवाखान्यात का बोलावतात?

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानानुसार २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवीतील प्रथिने आणि बाळाची वाढ पाहून जोखमीच्या माता त्या दिवशी वेगळ्या ओळखल्या जातात. गरोदरपणात किमान चार तपासण्या आणि १८० दिवस लोह व फोलिक ॲसिडच्या गोळ्या हे धोरण आहे. बाळंतपणानंतरही तेवढेच दिवस गोळ्या घ्यायच्या असतात. हिमोग्लोबिन ११ पेक्षा कमी म्हणजे रक्तक्षय, ७ पेक्षा कमी म्हणजे तीव्र रक्तक्षय. अशा बाईला बाळंतपणातला थोडासा रक्तस्रावही सोसत नाही.

विदर्भात आणखी एका तपासणीचा आग्रह धरावा, ती सिकलसेलची. आपल्याकडे हा रक्ताचा आनुवंशिक आजार अनेक आदिवासी आणि दलित समाजांत मोठ्या प्रमाणावर आढळतो. नवरा आणि बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. ही तपासणी खरे तर लग्नाआधीच व्हावी. राहून गेली असेल तर निदान पहिल्या नोंदणीच्या वेळी करून घ्यावी.

बाळ जन्मल्यानंतर आशाताई वारंवार घरी का येतात?

या भेटींचा उगम आपल्या गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांतील स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घेण्याचे प्रशिक्षण दिले : जन्मतः न रडणाऱ्या बाळाला श्वास देणे, वजन करणे, ऊब देणे, जंतुसंसर्ग ओळखणे आणि त्यावर उपचार करणे. तुलनेसाठी ४७ गावे घेतली होती. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, या गावांतील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला. त्या काळी नवजात बाळाचे उपचार म्हणजे मोठे रुग्णालय आणि काचेची पेटी असे मानले जाई. गावातली, जेमतेम शिकलेली बाईसुद्धा हे काम करू शकते, हे गडचिरोलीने दाखवून दिले आणि २०११ मध्ये भारत सरकारने घरोघरी नवजात शिशू काळजी हा कार्यक्रम आशांमार्फत देशभर सुरू केला.

दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात. घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीचीही भेट असते. बाळाने अंगावर पिणे सोडले, ते गळून गेले, अंग थंड पडले किंवा तापले, श्वास मिनिटाला ६० पेक्षा जास्त झाला, छाती आत ओढली जाऊ लागली, झटके आले किंवा बेंबीतून पू आला, तर क्षणभरही वाट पाहू नये. जिल्ह्याच्या ठिकाणच्या नवजात शिशू विशेष काळजी कक्षात न्यावे. वाटेत बाळाला आईच्या उघड्या छातीशी कातडीला कातडी लावून ठेवावे. बाळ थंड पडू नये यासाठी घरी आणि प्रवासात यापेक्षा चांगला उपाय नाही.

डब्याच्या दुधाविषयीही कायदा आहे. १९९२ च्या अधिनियमाने, जो २००३ मध्ये अधिक कडक झाला, दोन वर्षांखालील बाळांच्या दुधाच्या डब्यांची आणि बाळअन्नाची जाहिरात करण्यास आणि त्यांचे नमुने वाटण्यास मनाई केली आहे. पहिल्या तासात चीक आणि सहा महिने फक्त आईचे दूध, हे धोरण आहे.

बाळंतपण घरीच झाले, तर आता दवाखान्यात गेल्यावर रागावतील का?

रागावण्याचा अधिकार कोणालाही नाही. आईची आणि बाळाची तपासणी, लस, औषधे हे सर्व हक्क तसेच राहतात. जन्मनोंदणी २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत विनाशुल्क करून घ्यावी.

मुलगी अठरा वर्षांच्या आतली असून गरोदर आहे. दवाखान्यात नेले तर गुन्हा दाखल होईल, या भीतीने घरचे नेत नाहीत.

बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ नुसार मुलीचे अठरा वर्षांआधी लग्न लावणे हा गुन्हा आहे आणि अल्पवयीन मुलीच्या गरोदरपणाची माहिती पोलिसांना देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. हे खरे असले तरी उपचार नाकारता येत नाहीत. कोवळ्या वयातील बाळंतपणात रक्तक्षय, रक्तदाब आणि कमी वजनाचे बाळ यांचा धोका अधिक असतो, त्यामुळे तिला लपवून ठेवणे म्हणजे तिचा जीव पणाला लावणे. यातला खरा उपाय लग्नाच्या आधीचा आहे आणि तो मुलीची शाळा दहावीनंतरही सुरू राहण्यात आहे.

गर्भपात कायदेशीर आहे का? नवऱ्याची सही लागते का?

वैद्यकीय गर्भपात अधिनियम, १९७१ आणि त्यातील २०२१ च्या दुरुस्तीनुसार २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने आणि विशिष्ट परिस्थितींतील स्त्रियांना २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने मान्यताप्राप्त केंद्रात गर्भपात करता येतो. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांनाही हा हक्क असल्याचा निर्णय दिला. स्त्री सज्ञान असेल तर फक्त तिची संमती पुरते. नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही. १९९४ च्या कायद्याने मनाई केली आहे ती गर्भलिंग निदानाला. या दोन कायद्यांची सरमिसळ झाल्याने अनेक बायका भीतीपोटी भोंदू माणसाकडे जातात आणि जंतुसंसर्गाने दगावतात.

माता दगावली तर चौकशी होते का? त्यात कोणाला शिक्षा होते?

गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर ४२ दिवसांच्या आत गरोदरपणाशी संबंधित कारणाने झालेल्या प्रत्येक मृत्यूचे अन्वेषण करण्याचे धोरण आहे. गावात जाऊन नातेवाइकांशी बोलून माहिती घेतली जाते आणि जिल्हा पातळीवरील समिती तिचा आढावा घेते. याचा हेतू शिक्षा करणे हा नाही, तर कोणत्या टप्प्यावर उशीर झाला हे शोधून पुढचा मृत्यू टाळणे हा आहे. म्हणून कुटुंबाने घडलेले सर्व वेळेसह सांगावे : कळा कधी सुरू झाल्या, फोन कधी केला, गाडी कधी आली, किती ठिकाणी रेफर केले.

आमच्या मते या अन्वेषणाचा निष्कर्ष, बाईचे नाव उघड न करता, ग्रामसभेपुढे मांडला गेला पाहिजे. रक्तसाठा नव्हता म्हणून बाई गेली हे गावाला कळले, तरच गाव रक्तसाठवण केंद्राची मागणी लावून धरील.

तक्रार किंवा मागणी कोणाकडे करावी?

सुरुवात गावातून करावी. प्रत्येक गावासाठी ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते आणि तिला दरवर्षी अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेनुसार वापरता येणारा, निधी मिळतो. तातडीच्या प्रसंगी गाडीच्या भाड्यासाठीही तो वापरता येतो. त्यापुढे तालुका आरोग्य अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठी जिल्हा आरोग्य अधिकारी, आणि ग्रामीण, उपजिल्हा व जिल्हा रुग्णालयांसाठी जिल्हा शल्यचिकित्सक यांच्याकडे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. तरीही दाद मिळाली नाही, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७ च्या कायद्यानुसार कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, तिथे मोफत वकील मिळतो. मेळघाटातील कुपोषण आणि बालमृत्यूंचा प्रश्न १९९० च्या दशकात जनहित याचिकांमुळेच मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला. अर्जात ‘सेवा मिळत नाही’ एवढेच मोघम लिहू नये; तारीख, वेळ, दवाखान्याचे नाव, काय नाकारले आणि कोणत्या योजनेत ते देय होते हे लिहावे, आणि माता-बाल संरक्षण कार्डाची प्रत जोडावी.